खुनी माझ्या गाडीत

मंगळवार आर्वेदचा.
पत्र कधीच नाही, पार्सल मात्र हमखास,
सुतळीनं करकचून बांधलेलं, एक कोपरा चेपलेला.
हियुमा बेटावर तेरा वर्षं टपाल वाटते मी,
नुसतं हातात घेऊन सांगेन
आत चीज आहे, बूट आहेत की पुस्तक.
पुस्तकाचं वजन गप्प असतं.

त्याचं घर जुनिपरच्या झुडपांमागे.
नऊ मेंढ्या, एक कानतुटका बोका
आणि लाकडी सॉना,
ज्यात वीस वर्षांत कुणी अंघोळ केलेली नाही.
बाकांवर पुस्तकं, भट्टीच्या दगडांवर पुस्तकं,
बादलीतसुद्धा.
शनिवारी हा टॉवेल खांद्यावर टाकून
लाइनेच्या सॉनात जातो,
आणि मोबदला म्हणून तिला एक प्रकरण वाचून दाखवतो.

आवड म्हणाल तर तिला ना शेंडा ना बुडखा.
दीपस्तंभांच्या याद्या. बंद पडलेल्या बोटींची वेळापत्रकं.
मोडीत गेलेल्या ट्रॅक्टरांची माहितीपुस्तकं.
सामुदायिक शेतावर हेच ट्रॅक्टर चालवले त्यानं,
अजून चुका काढतो: पान चाळीस, हा नट उलटा फिरतो.
रहस्यकथा तर ढिगानं.
पण शेवटचं पान आधी वाचतो
आणि खुन्याचं नाव पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवतो.
उगाच कुणाच्या जिवाला घोर नको.
ज्यांत कुत्रा मरतो ती पुस्तकं निराळ्या फळीवर,
तोंड भिंतीकडे करून.
कविता तो मेंढ्यांना वाचतो.
‘कळतात?’ मी एकदा विचारलं.
‘मला नाही कळत. त्यांचं त्यांना विचार.’

उरलेल्या वेळात घड्याळं उघडतो,
अल्डरच्या लाकडाचे चमचे कोरतो, सगळे जरासे डावखुरे,
आणि सप्टेंबरात क्रौंच मोजतो.
तारीख, वारा, आकडा,
हाताशी असेल त्या पुस्तकाच्या समासात.

यंदा मार्च सरताना वारं फिरलं.
दोन दिवस वीज नाही, बोट नाही.
म्हातारी मेंढी दिवस भरायच्या आधीच व्याली,
एक नाही, दोन नाही, तीन.
मी पोचले तेव्हा तो अंगणात उभा,
कोटाच्या आत काहीतरी थरथरत होतं.
उलट्या वाऱ्यानं घरातली चूल धूर आतच ओकत होती.
त्यानं सॉनाकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
मग माझ्या गाडीकडे.

बटाट्यांच्या टोपल्या, बर्फावरची घसरगाडी, टपालाची पोती,
मिळेल त्यात भरत गेलो.
दीपस्तंभ पलंगाखाली, बोटी माळ्यावर,
ट्रॅक्टर जिन्याच्या पायऱ्यांवर.
खुनी सगळे माझ्या गाडीत.
मरणारे कुत्रे त्यानं स्वतः नेले,
दोन-दोन करून.

भट्टी मोकळी झाली तर लाकूड ओलं.
कोपऱ्यात भाषणांचे सतरा खंड उरले होते,
कामाचं बक्षीस म्हणून शेताच्या अध्यक्षानं दिलेले,
पानंसुद्धा न कापलेली.
‘म्हणून तर ठेवले होते,’ तो म्हणाला.
पहिले दोन नुसतेच धुमसले.
तिसरा चांगला पेटला.

दोन कोकरं जगली.
तिसरं पहाटे गेलं.
त्यानं घड्याळ पाहिलं, पेन्सिल शोधली,
आणि लिहायला हाताशी एकही पुस्तक नव्हतं.

मे उजाडला तरी खुनी माझ्याच गाडीत.
‘रांग मोडली,’ तो म्हणतो,
‘आता पुन्हा वाचूनच लावावी लागेल. काय घाई आहे?’
वळणावर मागे धडाधड पडतात,
लोकांची पत्रं पुढच्या सीटवर अंग चोरून बसतात.

परवा रस्त्याकडेला थांबून एक उघडलं.
पहिल्या पानावर: डॉक्टर.
समासात: एकवीस सप्टेंबर, वायव्य, तीनशे बारा.
खाली आणखी बारीक अक्षरात:
टपालवाली अजून आली नाही.

डॉक्टरनं का केलं ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं,
म्हणून वाचत बसले.
पुढच्या घरी त्या दिवशी
पेन्शन संध्याकाळी पोचली.