आवक-जावक

हिरामण नेवारे, आवक-जावक विभाग.
बत्तीस वर्षं विद्यापीठ थैलीत घालून हिंडला:
महाराजबागेकडून अमरावती रोड,
तिथून लॉ कॉलेज चौक,
पुन्हा परीक्षा विभाग, सही राहिली म्हणून.
मे महिन्यात डोक्याला ओला दुपट्टा,
लुनाच्या हँडलला उत्तरपत्रिकांचं ओझं.

मोनाली स्पेनमध्ये शिकते.
परवा फोनवर म्हणाली,
बाबा, आमचंही विद्यापीठ असंच सांडलेलं आहे.
एक तुकडा समुद्राकडे, एक डोंगराखाली,
तिसरा तर दुसऱ्याच गावात.
प्रयोगशाळेला जायला चाळीस मिनिटं बस.
सरकारी आहे, म्हणून फी झेपते.
इमारती? काच, सगळी काच.
दारं आपोआप उघडतात.

काच पुसायला माणसं किती, ते त्यानं विचारलं नाही.
म्हणाला, "मंग मधातलं टपाल कोण नेते?"

कोणीच नाही बाबा. सगळं स्क्रीनवर.

इकडून बराच वेळ
नुसता कूलरचा आवाज गेला तिला.

"बरं. पण डिग्री तं कागदाची देतीन ना?
मंग घडी नको करू.
सुरळी पण नको.
मधात पुठ्ठा ठेवजो."