दुरुस्ती

एस्तेर हिवाळे रिक्षातून उतरली
तेव्हा कडेवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.
अब्बा म्हणाले, आजारी बाळ असेल तर
मिशन हॉस्पिटल पुढं आहे, इथं सतारी होतात.
ती हसली नाही. गोधडी सोडली.

हार्प. होडीच्या अर्ध्या सांगाड्यासारखी,
सव्वीस तारा, सगळ्या आतड्याच्या,
मान विमानात मोडलेली.
ग्लासगोत सहा वर्षं शिकली म्हणे
तिकडची जुनी गाणी जुन्याच रीतीनं गायला.
मागं पियानो नको, आवाज झुलवणं नको,
पट्टी पांढरी एक आणि काळी एकच्या मधली,
आपल्या पेटीत तिथं
नुसती फट असते.

"चारशे वर्षांपूर्वी कसं गायचे, कुणी ऐकलंय?"
"कुणीच नाही, काका."
"मग?"
"मग अंदाज. कुठल्या वहीतली खूण,
थडग्याच्या दगडावर कोरलेल्या हार्पची उंची,
आणि आतडं किती ताण सोसतं, ते."
शेवटचं तेवढं अब्बांना पटलं.
सारंगीमुळं आतड्याशी आमची ओळख आहे.

अकरा दिवस गेले. तुणीचा तुकडा, सरस, दोऱ्याचे वेढे.
मान बसली.
मग अब्बांना दिसलं,
प्रत्येक तारेच्या मुळाशी एक वाकडी खुंटी,
बाहुलीच्या बुटाएवढी,
तारेला किंचित शिवतेय.
छेडलं की चरचर, काडेपेटीत भुंगा कोंडल्यासारखी.
रात्री जागून त्यांनी सव्वीसच्या सव्वीस
केसभर मागं सारल्या.
याचे पैसे लावू नकोस, मला म्हणाले,
पोरीला कळलं नसेल, एवढं आपल्याकडून.

एस्तेरनं एक तार छेडली.
दुसरी. पाचवी.
मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली,
आपलं माणूस शुद्धीवर यावं
आणि त्यानं ओळख देऊ नये, तशी.
"काका, हिचा आवाज कुठं गेला?"
"ती खरखर? काढली."
"तोच तर आवाज होता.
तिकडं मागाहून लोकांना तो नकोसा झाला,
त्यांनी असाच काढला."

अब्बा उठले. माठातलं पाणी प्यायले.
चाळीस वर्षं पुण्या-धारवाडहून माणसं
ज्यांच्याकडं फक्त जवारीला येतात,
घोडीवर कानस फिरवून फिरवून
जे सुरात चरचर पेरतात,
ते माठापाशीच उभे राहून म्हणाले,
"जवारी! मग तसं सांगायचं की बाई.
मी रोग समजून उतरवला."

पुन्हा सव्वीस. ती सूर धरायची,
ते लाकडाला कान लावून "अजून, अजून, बास."
मी दिवा धरला होता. हात भरून आला.

रविवारी चर्चमध्ये एकतीस माणसं,
निम्म्या ड्यूटीवरून आलेल्या नर्स.
अब्बांनी चपला दाराशीच काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं.
गाण्याआधी ती मराठीत म्हणाली,
एक बाई खाडीच्या काठी परतलेल्या होड्या मोजते,
एक कमी भरते, पुन्हा मोजते.
मग उभा सूर. न हलणारा, न सजवलेला,
आणि त्याच्याखाली ती चरचर,
ओल्या वाळूवरून कुणी काही ओढत नेल्यासारखी.
जंक्शनवर इंजिनाचा भोंगा झाला. ती थांबली नाही.
मी भाषेतला एकही शब्द न कळता
होड्या मोजत राहिले.

घरी येईपर्यंत अब्बा बोलले नाहीत.
बिल लिहायला बसले: मान जोडणे, अमुक.
खुंट्या मागे घेणे, खुंट्या पुढे घेणे,
तिथं काय मांडायचं?
ते अंधारात बोटानं गुडघ्यावर काहीतरी वाजवत होते.
चौदावी जरा जास्त बोलतेय, म्हणाले,
तिला सांग, उरुसाच्या आत घेऊन ये.