दिवाणचं ताट

भाचा म्हणाला, कच्चंच घाल मावशी,
लांडग्याची जात ती, रानात कोण शिजवून खातं?
रानात तेरा वर्षं तरी कोण जगतं,
हे मी बोलले नाही.

आष्ट्याच्या बाजारात सिकंदर मुलाणी
सुरी पुसत विचारतो, कुणासाठी?
दिवाणसाठी म्हटल्यावर
काळजाचा एक तुकडा वरून टाकतो, फुकटचा,
आणि विचारतो, दात किती उरलेत?

चार.
त्यातला एक हलतो.

मगदूम डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टावर बोट ठेवलं :
मूत्रपिंडं दमलीत. कच्च्यातले जंतू
तरणा कुत्रा एखादवेळी पचवेलही,
ह्याच्यावर नका बघू करून.
उकडा. हाडं नकोत. मीठ तर नकोच.
मीठ नको
माझ्याही चिठ्ठीवर आहे.

म्हणून आता एकच कुकर, दोन डबे,
खाली माझी मुगाची खिचडी, वर त्याचा खिमा.
शिट्टी त्याला ऐकू जात नाही.
झाकण उघडलं की नाक उठतं,
मग पुढचे पाय,
मग बऱ्याच वेळाने मागचे.

मी बोटांनी कुस्करते. चटका बसतो. फुंकते.
तो बघत राहतो,
लांडग्याच्या जातीचा,
माझ्या फुंकरीकडे.