निर्लेखन

डेडस्टॉक रजिस्टर, पान त्रेचाळीस.
ट्रम्पेट, पितळी : नग चार.
साइड ड्रम : नग सहा, पैकी कातडं फाटलेले पाच.
सॅक्सोफोन : नग एक, देणगी.
कुणाची, ते शाई पुसल्यामुळे वाचता येत नाही.

वॉर्ड ऑफिसचं पत्र आलंय :
संगीताचं पद भरायचं नाही,
सामान निर्लेखित करून पितळ किलोवर द्यावं.
मी लिपिक. मला सूर कळत नाहीत,
नग कळतात.

मिनेझिस सर धोबीतलावच्या कुडात राहायचे,
खाटेखाली ट्रंक, ट्रंकेत पांढरा कोट,
चर्चगेटच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे तेव्हाचा.
तिथलं नाचणं संपलं, मग स्टुडिओ,
मग स्टुडिओंनाही यंत्रं पुरली,
मग आमची माझगावची शाळा, तासिका तत्त्वावर,
तासाला बेचाळीस रुपये.
बिलं मीच काढायचो, तीन-तीन महिने उशिरा.
एकदाच म्हणाले,
"चाळके, तुझा ताल भारी स्लो हां."

पंधरा ऑगस्टला कवायतीपुरतं वाजावं, एवढीच अपेक्षा.
पण सहावा तास संपला की दार लोटून
पोरांना हजेरी म्हणायला लावत, टाळीवर :
अहिरे सुमेध, खोत झुबेर, तांडेल भार्गवी.
ठेका जिथं पडेलसं वाटतं तिथं पाडायचा नाही,
जरा पुढं ढकलायचा,
उधारीवाला वाण्याला पुढची तारीख देतो तसा.
आणि चुकलात तर थांबू नका,
चुकीला खुर्ची द्या, बसू दे तिला,
मग विचारा, बाई, कुठून आलीस?

मुख्याध्यापिका म्हणायच्या, गोंगाट.
मी दाराबाहेर पावतीपुस्तक घेऊन उभा.
मलाही गोंगाटच वाटायचा.
पाय तेवढा हलायचा.

झुबेरच्या वाट्याला नग चौथा.
मधलं बटण दाबलं की वर यायचंच नाही.
दुरुस्तीचा प्रस्ताव मी तीनदा पाठवला,
तीनदा त्रुटी काढून परत.
तोवर पोरगं त्या बटणाला वळसा घालायला शिकलं,
खड्डा चुकवत सायकल मारावी तसं.
सुराच्या अगदी काठापर्यंत जायचं,
आणि तिथं नुसता श्वास सोडायचा.

सर गेले. कुडातल्या लोकांनी ट्रंक गावी पाठवली.
कोटाचं काय झालं, माहीत नाही.

परवा शनिवारी भार्गवी आली. आता नर्स आहे, नायरला.
"काका, झुबेर वाजवतोय लोअर परळला, चला."
गिरणी होती तिथं आता काच.
दारात पोराने माझ्या मनगटावर शिक्का उमटवला.
आयुष्यभर मी मारले शिक्के,
मला कुणी पहिल्यांदाच मारला.
लिंबू सरबत चारशे वीस रुपये,
म्हणजे सरांचे बरोब्बर दहा तास.

झुबेर उभा राहिला. नवा ट्रम्पेट,
तिन्ही बटणं लोण्यासारखी.
वाजवत गेला, वाजवत गेला,
आणि मधेच एका सुराच्या काठाशी येऊन
नुसता श्वास.
शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, काय स्टाइल आहे!
मी म्हणालो, स्टाइल नाही हो, त्रुटी.
जावक क्रमांक पाठ आहे मला.

परतताना टॅक्सीत भार्गवी
काचेवर बोटांनी हजेरी वाजवत होती.
अहिरे कुठं असतो, तिलाही ठाऊक नव्हतं.
त्याच्या नावावर ती गप्प राहायची, तेवढ्याच मात्रा,
आणि पुढं जायची.

आज रजिस्टर उघडलं.
नग एक, दोन, तीन : निर्लेखित.
नग चार, शेरा...
इथं पेन अडलं.
साहेब विचारतील, वस्तू कुठं आहे?
वस्तू कपाटात आहे, गंजलेली, मधलं बटण आत.
तरी लिहिलं : वापरात.
आणि खाली सही केली,
पडायला हवी त्याच्या
जरा पुढं.