चुन्यातली वीट

फ्यून बेटावर, स्वेनबोर्गच्या बंदरामागे,
जिथे वाऱ्याला मीठ असतं
आणि नोव्हेंबरचा दिवस चारलाच मिटतो,
विबेके विटा साफ करते.
बावीस वर्षं. उजव्या मनगटाला पट्टा,
डाव्या हातात पाडलेल्या कुणाच्या तरी घराचा एक घास.

रीत सोपी आहे.
वीट तळहातावर घ्यायची, दरजेतला चुना हातोडीनं सोलायचा,
मग कानाजवळ आणून टिचकी मारायची.
खणखणली तर ढिगावर.
बद्द वाजली तर बाजूला.
एका अंगाला काजळी असली तर ती धुराड्यातली;
तिला पुन्हा भिंतीत घ्यायचं नाही,
गिलावा कितीही द्या, जुना धूर डाग होऊन वर येतोच.

नवा पोरगा, थोरकिल, विचारतो,
एवढा खटाटोप कशाला? भट्टीवर नवी मिळते, स्वस्त.
विबेके म्हणते, हिला भाजताना जळलेला कोळसा
माझ्या आजीच्या जन्माआधीच जळून गेला.
तो धूर काही परत आणता येत नाही.
निदान त्याच्यावर दुसरा नको.
एवढंच. आज तिला बोलायचं नाहीये.

भाषेत चुना लावणं म्हणजे फसवणं.
या अंगणात मात्र चुन्यानंच शब्द पाळला:
शंभर-दीडशे वर्षं धरून ठेवलं,
सोड म्हटल्यावर सोडलं.
कुठल्या काळच्या चिमुकल्या समुद्रजीवांच्या कवचांचा चुरा
तिच्या बाह्यांवर बसतो, भाकरीच्या पिठासारखा.

सिमेंट सोडत नाही.

सकाळचा ट्रक ओलेरुपहून आला.
चिठ्ठीवरचा पत्ता वाचून तिनं चष्मा पुसला,
पुन्हा वाचला.
बापाचं घर.
सदुसष्टच्या उन्हाळ्यात, गोदीतलं काम संपवून,
रोज संध्याकाळी त्यानं ते उभं केलं.
गोणी खांद्यावरून उतरवताना म्हणायचा,
हे आता कुणाच्या बापाला हलायचं नाही.
खरंच होतं ते.

पहिली वीट तिनं अलगद ठोकली.
दरजेतलं सिमेंट तसंच राहिलं, वीट मधोमध फुटली.
दुसरी. तिसरी.
अकराव्यानंतर तिनं मोजणं सोडलं.
इतकं घट्ट धरलेलं की वेगळं व्हायचं तर तुटायलाच हवं.
त्याची मायाही अशीच होती, असं मनात आलं
आणि तिला ते आवडलं नाही.
बाप बाप होता, सिमेंट सिमेंट.

दुपारी यंत्र येईल, चुरा उचलेल,
ओडेन्सकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या पोटात दाबेल.

तेवढ्यात ढिगाच्या तळाशी थोरकिलला काही वेगळ्या मिळाल्या,
वेड्यावाकड्या, बोटबोटभर पांढऱ्या थरात.
कोंबड्यांच्या खुराड्याची मागची भिंत!
गोण्या संपल्या होत्या, पैसेही;
बाप रुसून भिंतीकडे तोंड करून निजला होता,
आणि आईनं शेजाऱ्याकडचा उरलेला चुना बादलीत कालवून
एका रविवारी ती एकटीनं रचली होती.
ओळंबा नाही, दोरी नाही.
बाप जन्मभर हसला त्या भिंतीला.

एकेक टोला, एकेक वीट मोकळी,
शेंगेतून दाणा सुटावा तशी.
विबेकेनं प्रत्येकीला टिचकी मारली, कान लावला.
एकूण एक्केचाळीस. चार बद्द.

घरी नेतेस का एखादी? थोरकिल म्हणाला.
तिनं नकारार्थी मान हलवली.
सदतीस विटा इतरांबरोबर लाकडी पॅलेटवर रचल्या,
वरून प्लास्टिक ओढलं, पाऊस होताच,
चिठ्ठीवर लिहिलं: लाल, जुन्या, भिंतीलायक.
मग बाही झटकली.
पांढरं थोडं तसंच राहिलं.