बाकी

नाशिकची ती जागा वाईट नव्हती.
हे आधीच सांगतो, कारण हर्षलला वाटतं
मी गेलो तेच नाही म्हणायला.
फरशी स्वच्छ होती. एक आजोबा
भिंतीवरच्या घड्याळाला पुन्हा पुन्हा राम राम घालत होते
आणि तिथली मुलगी दर वेळी
घड्याळाच्या वतीने राम राम म्हणत होती.
मला ती मुलगी आवडली.

फॉर्म चार पानी.
नाव कोकिळा, वय त्र्याहत्तर, नाते पती.
गोळ्या मला पाठ होत्या, वेळेसकट.
तिसऱ्या पानावर विचारलं होतं :
रुग्णाला काय काय आवडतं?
खाली पाच रेघा.

मी अमळनेर डेपोचा कंडक्टर. एकतीस वर्षं
हलत्या गाडीत उभ्याने हिशेब लिहिला,
अक्षर हललं नाही.
त्या रेघांवर पेन टेकेना.
कळण्याची भाकरी, असं लिहिलं.
मग खोडलं. ती मला आवडते.

फॉर्म खिशात घालून परत निघालो.
धुळ्यापर्यंत आठवत राहिलो.
धुळ्यानंतर आठवायचं सोडलं.

घरी ठेवली ती अशी.
माया वगैरे लोक म्हणतात.
आधी लाज होती.

आता रमिला येते, नऊ ते पाच.
अर्धी पेन्शन तिची, आणि तरी कमीच.
रात्र माझी.
रात्री चादर तीनदा बदलतो,
एकदा हात उगारला होता. खाली आणला,
पण उगारला होता.
सकाळी रमिलाला सांगितलं.
ती तवा घासत राहिली, मग म्हणाली,
आज दुपारी तुम्ही झोपा, बाबा.

पाच वाजले की कोकिळा गाठोडं बांधते.
त्यात उशीचा अभ्रा, माझा एक मोजा, रिमोट.
*माले बेटावदले जानं शे. माय वाट देखी ऱ्हायनी.*
सुरुवातीला मी खरं सांगायचो :
माय अठ्ठ्याऐंशीतच गेली गं.
ती दर वेळी पहिल्यांदा ऐकायची.
दर वेळी तेवढीच रडायची.
चौदा वेळा मी तिची आई मारली,
मग माळ्यावरून पेटी काढली.

मशीन येण्याच्या आधीची पेटी, पत्र्याची.
चिमटा गंजलेला, पण टक वाजतो.
ओट्यावर दोन खुर्च्या, एकामागे एक.
ती म्हणाली, खिडकी पाहिजे.
खुर्ची उचलून जाळीपाशी नेली.
मे महिन्याची झळ, उलटी पाटी टाकल्यासारखा रस्ता,
आणि ती अशी बघते जणू पलीकडे कापूस फुटलाय.
फॉर्मच्या पहिल्या रेघेवर लिहिलं : खिडकी.
दुसरी रमिलाने शोधली : चिंचोके, भाजलेले, चघळायला.
तीन कोऱ्या आहेत.

शेजारचे सोनार फाटकातून बघतात.
म्हणतात, दोघंही गेले कामातून.
डबल बेल मी तोंडाने देतो.

*भाऊ, तुन्हं गाव कोनतं शे?*
इथलंच.
*लगीन व्हयनं का?*
व्हयनं.
*बाई चांगली शे का?*
शे, म्हटलं,
आणि तिकिटं मोजायला लागलो,
मोजलेलीच, पुन्हा.

काल तिने गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा दिला.
पन्नासची नोट असावी.
सुट्टे नव्हते.
हात जुन्या सवयीने चालला :
तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहिली, खाली रेघ मारली,
म्हटलं, उतरताना मागून घ्या.

ती उतरली नाही. खुर्चीतच डोळा लागला.
उचलून आत आणली, मी आणि रमिलाने,
पाच वाजून गेले होते तरी ती थांबली होती.

रात्री नऊची गोळी द्यायची होती.
उजवी मूठ उघडेना. आत तिकीट.
एकेक बोट सोडवायला गेलो तर झोपेतच
जोरात आवळली.

गोळी डाव्या हातावर ठेवली.