सूत

उद्यमबागेत रात्री नऊनंतर
लेथ थंड होताना टिकटिकतात.
तेव्हा आली पोरं, टेम्पोतून सांगाडा घेऊन.
एक इंची पाइपांचा, अजून रंग न लागलेला,
आणि गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन,
खानापूर रस्त्यावर आपटलेल्या मोटरसायकलीचं.
मालक वाचला म्हणाली. इंजिनही.

"काका, हे यात बसवायचंय.
पुढच्या महिन्यात रेस आहे."

इंजिनाला सवय दोन चाकांची,
वळण आलं की अंग टाकायची.
आता चार चाकांच्या मधे
त्याला ताठ बसायला सांगायचं.
पाहुण्याला पाट देतो तसं नाही हे.
बसेल कुठंही.
खरं त्याच्या दातांचं आणि मागच्या चक्राच्या दातांचं
आधी सूत जुळायला पाहिजे.

निवेदिता हिरेमठ ड्रॉइंग उलगडते,
श्रेयांस अक्किवाटे टॉर्च धरतो.
मी खिशातून गवंड्याचा दोरा काढतो.
हसतात. कॉलेजात लेसर आहे म्हणतात.
मग आणायचा होता की.

दोरा मागच्या चक्राच्या तोंडाला लावला,
दोन्ही कडांना टेकवून पुढं ताणला.
पुढचं चक्र दोऱ्यापासून बोटभर लांब,
परगावच्या लग्नात उभं राहिल्यासारखं.

बसलिंग जॅक धरून खाली आडवा.
"सरक."
"एडक्के?"
"एडक्के. इन्नू स्वल्प."
"साकु?"
"थांब. हां. साकु."
सव्वीस वर्षं आम्ही असंच बोलतो.
कुणाचा शब्द कुणी वापरला
याचा हिशेब एकदा ठेवायला गेलो होतो,
तेवढ्यात चहा आला.

दोरा टेकला. चार टाके मारले.
पुन्हा दोरा. पुन्हा बरोबर.
मग बसलिंगनं पुरा जोड ओढला,
निळा उजेड पत्र्याच्या भिंतीवर नाचला,
आणि पोरांनी एकमेकांना टाळ्या दिल्या.

मी म्हटलं, थंड होऊ दे.
गरम लोखंड सगळं कबूल करतं,
थंड झालं की शब्द फिरवतं.

फिरवला.
पुढचा कान ओढला गेला होता, अर्धं सूत.
दोरा एका कडेला टेकला,
दुसऱ्या कडेला उजेड दिसायला लागला.
निवेदिता त्या उजेडाकडं बघत राहिली,
जणू तो तिच्याच ड्रॉइंगमधून गळत होता.

कापायचं तर ग्राइंडरचं पान संपलेलं,
दुकानं बंद, पत्रा कुठं शोधायचा.
ड्रॉवरमधे हात घातला,
तुटके टॅप, जुनी बिलं, लिंबाचं सुकलेलं साल,
आणि बंद पडलेल्या फाउंड्रीचं माझं पितळी टोकन.
दोनशे सतरा.
दोन मिली जाड. मला पाहिजे दीडच्या जरा वर.

एमरीवर धरलं.
आधी सतरा गेला, मग दोनशे.
खिळ्याला टांगायचं भोक होतंच,
ते दहाच्या ड्रिलनं मोठं केलं.
"काका, हे जुनं होतं का?" श्रेयांसनं विचारलं.
"पितळ आहे," म्हटलं. "धर टॉर्च नीट."

कानाखाली टोकन सरकवलं, बोल्ट आवळला.
दोरा टेकला. इकडं. तिकडंही.
चेन चढवून चक्र हातानं फिरवलं,
एक फेरा, दुसरा, तिसरा.
दातावर चढताना चेन कुरकुरली नाही.
त्यावर कुणी टाळी दिली नाही.
पोरांना झोप आली होती.

रविवारी कोइमतूरहून फोन आला.
"काका, अकराव्या फेरीला क्लच गेला."
"आणि चेन?"
"चेन?" तो थांबला, बाजूच्या कुणालातरी विचारलं.
"चेनकडं कुणी बघितलंच नाही काका."

बसलिंगला सांगितलं.
तो काही बोलला नाही.
काळी काच तोंडावर ओढली
आणि दुसऱ्या कुणाच्यातरी गेटचा
जोड पुढं चालू केला.